पळून की पळवून? चाच्याच्या कैदेतल्या प्रेमकथेवर अभिप्राय कसा लिहावा

‘पळून गेली’ आणि ‘पळवून नेली’ यांत म्हटलं तर एका ‘व’चा फरक. पण पोलीस ठाण्यात तक्रार कोणती नोंदवायची, हे त्या ‘व’वर ठरतं. आजच्या काळातला समुद्री चाचा, त्याने ओलीस धरलेली नायिका आणि दोघांचं जुळलेलं प्रेम, अशा कादंबरीवर अभिप्राय लिहायला बसलात की हाच ‘व’ शोधायचा असतो. कथा ‘पळवून’ने सुरू होते आणि ‘पळून’ने संपते. मग मधला ‘व’ नेमका कोणत्या पानावर गळला? आणि तो नायिकेने गाळला, की घाईत असलेल्या लेखकाने?

अशा पुस्तकांवर दोन तऱ्हेचे अभिप्राय ढिगाने सापडतात. एक, ‘मस्त! एका बैठकीत संपवली, नायक भारी.’ दुसरा, ‘शी, हे प्रेम नव्हे, स्टॉकहोम सिंड्रोम’ (म्हणजे ओलिसाला पळवणाऱ्याचाच लळा लागणं). दोन्ही मनापासून लिहिलेले असतात, पण हे पुस्तक घ्यावं की नाही असा विचार करणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. याचं कारण असं, की असं पुस्तक वाचकाला एकाच वेळी तीन गोष्टी पटवायला निघालेलं असतं : चाचे खरे वाटावेत, कैद खरी वाटावी आणि प्रेम खरं वाटावं. या तीन गोष्टी एकीवर एक रचलेल्या असल्या तरी फसतात मात्र वेगवेगळ्या. समुद्र अचूक आणि प्रेम कुजकं अशी पुस्तकं असतात, आणि समुद्राच्या नावाने ठणठणाट पण माणसं जिवंत अशीही असतात. तिघांची खिचडी झाली की ‘आवडली, पण काहीतरी खटकलं’ असं गुळमुळीत वाक्य निघतं. म्हणून तिन्हींचा निकाल वेगळा लावायचा.

त्याआधी एक गोष्ट मान्य करून टाका. प्रेमकथा या प्रकाराचा वाचकाशी करार असतो : कथेच्या मध्यभागी प्रेम असणार आणि शेवट आशेचा असणार. तेव्हा ‘शेवटी ते एकत्र येणार हे आधीच कळलं’ ही तक्रार होत नाही. कीर्तन आरतीने संपलं म्हणून कोणी उठून भांडत नाही. तसंच, असलं पुस्तक आवडीने वाचणाऱ्या बायकांना शहाणपण शिकवायलाही जाऊ नका. शेवट सुखाचा आहे हे ठाऊक असल्यामुळेच त्या ही भीती हौसेने वाचू शकतात, आणि खऱ्या अपहरणाला असा शेवट नसतो हे त्यांना तुमच्याइतकंच कळतं. अभिप्राय पुस्तकावर लिहायचा आहे.

वाचतानाची टिपणं

एक जाडसर कागद खुणेला ठेवा आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात पान (ई-पुस्तक असेल तर टक्केवारी). दुसऱ्यात, तिला काय नाकारता आलं. तिसऱ्यात, त्याने काय सोडलं. संपूर्ण पुस्तकात दहा ते पंधरा नोंदी पुरतात. भावना लिहू नका, घटना लिहा. ‘तिला तो आवडू लागला’ ही नोंद नव्हे. ‘पान ९४ : तिने त्याच्या हातचं जेवण नाकारलं, त्याने ताट तिथेच ठेवून दार बाहेरून लावलं’ ही नोंद.

दुसऱ्या रकान्यात जेवण, जागा, स्पर्श, प्रश्नाला उत्तर न देणं, असं काहीही चालेल. तिसऱ्यात किल्ली, बंदूक, खंडणीतला वाटा, टोळीतला मान, स्वतःचं खरं नाव. पुस्तक संपल्यावर कागद उभा धरून बघा. तिसरा रकाना शेवटच्या दहा टक्क्यांपर्यंत रिकामाच असेल, तर लेखकाने नायकाचा सगळा त्याग एका गोळीबाराच्या प्रसंगात कोंबला आहे. ही या प्रकारातली सर्वांत मोठी आणि सर्वांत नेहमीची चूक. वाचताना ती लक्षात येत नाही, कारण गोळीबार चालू असतो. दुसऱ्या रकान्यातल्या सगळ्या नोंदी ‘नाही म्हणाली, पण...’ अशा असतील, तर तो ‘पण’ हाच तुमच्या अभिप्रायाचा विषय.

एका नोंदीखाली जाड रेघ मारायची : दार पहिल्यांदा खरंच उघडं राहिलं ती. इथे फसायला होतं. किनाऱ्यापासून चारशे सागरी मैलांवर कोठडीचं दार सताड उघडं टाकलं म्हणून कोणी मोकळं होत नाही, बाहेर पाणीच आहे. नायकाने बेड्या काढल्या आणि पुढच्याच प्रकरणात ती त्याच्या मिठीत, तर ते दार उघडणं झालं नाही. मोकळं होणं म्हणजे पायाखाली जमीन, हातात पासपोर्ट आणि फोन, आसपास आपली माणसं आणि मध्ये गेलेले काही दिवस. हे दिवस अक्षरशः मोजा. सुटकेनंतर पुन्हा भेट होईपर्यंत कथेत किती काळ जातो? दोन पानं की चार महिने? ज्या पुस्तकांत हा काळ लांब असतो आणि नायिका स्वतः तिकीट काढून त्याच्याकडे जाते, त्यांच्यावर वाचक सहसा कमी चिडतात, मग मधली कैद कितीही कडक असो.

आपल्याकडे ही कसोटी जुनीच आहे. रुक्मिणीने आधी पत्र धाडलं, म्हणून नावात ‘हरण’ असूनही ते पळून जाणं. अंबेने मन शाल्वाला दिलेलं होतं आणि भीष्माने तिला रथात घातलं, ते पळवून नेणं. तिने त्याचा हिशेब पुढच्या जन्मापर्यंत ठेवला. सुभद्रेचं उदाहरण सर्वांत कामाचं. महाभारतात कृष्ण अर्जुनाला तिचं हरण करायला सुचवतो, तिला कोणी विचारत बसत नाही. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत सौभद्र’मध्ये मात्र तिचं अर्जुनावर आधीपासून प्रेम आहे, म्हणजे नाटककाराने तिची संमती हरणाच्या आधी नेऊन ठेवली. आजचे लेखकही हीच हातचलाखी करतात : नायिका आणि चाचा कधीकाळी भेटले होते, बंदरावर नजरानजर झाली होती, वगैरे. अभिप्रायात सांगा की संमती आधी आहे, नंतर आहे, की कुठेच नाही.

‘तो खरं तर सरकारी हेर होता’

आधुनिक चाच्याच्या प्रेमकथेतली ही ठरलेली पळवाट. नायक चाचा नसतोच, तो टोळीत घुसलेला गुप्तहेर, नाहीतर नौदलातून अन्यायाने काढलेला अधिकारी असतो, आणि तिला कैद करतो ते दुसऱ्या वाईट चाच्यापासून वाचवायला. यामुळे नायकाचे हात धुऊन निघतात. पण नायिकेच्या बाजूने पाहिलं तर काहीच बदलत नाही, कारण तिला हे माहीत नव्हतं. जे जे तिने भीतीपोटी मान्य केलं, ते भीतीपोटीच मान्य केलं. तेव्हा तपासायचं ते एवढंच : खरं कळल्यावर ती चिडते का, किती पानं चिडलेली राहते, आणि तो त्या रागाला उत्तर देतो की चुंबन देतो. एका परिच्छेदात राग विरघळला असेल तर तसं पान क्रमांकासह लिहा.

चाचे कुठले?

आता समुद्राकडे. इथे बहुतेक अभिप्राय ‘संशोधन चांगलं केलंय’ एवढं म्हणून सुटतात. संशोधन तपासायला नौदलात असायची गरज नाही. पहिला प्रश्न विचारायचा : कथा कोणत्या पाण्यात घडते? कारण चाचेगिरीचे तीन ठळक नमुने आहेत आणि तिघांत कैदेची तऱ्हा निराळी आहे.

सिंगापूर आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत बहुतांश प्रकार भुरट्या चोरीचे. रात्री चढायचं, इंजिनाचे सुटे भाग किंवा दोरखंड उचलायचे, गलका झाला की उडी मारून पसार. तिथे सहा आठवड्यांची कैद आणि मेणबत्तीच्या उजेडातली जेवणं दाखवली असतील तर लेखकाला ती कशी घडली याचं जादा कारण द्यावं लागेल. आणखी एक बारकावा : आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘चाचेगिरी’ खुल्या समुद्रातल्या गुन्ह्यालाच म्हणतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत तोच गुन्हा ‘सशस्त्र दरोडा’ ठरतो आणि त्या देशाच्या पोलिसांकडे जातो. कादंबरीत न्यायालय आलं की हे बघा.

दुसरा नमुना गिनीच्या आखाताचा, नायजेरियालगतचा. तिथे जहाज सोडून देतात आणि माणसं उचलून नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या खारफुटीत नेतात, बहुधा काही आठवड्यांसाठी. आंतरराष्ट्रीय सागरी ब्युरोच्या नोंदींनुसार २०२० साली जगभरात जहाजांवरून १३५ जणांचं अपहरण झालं, त्यांतले १३० याच भागातून. अशा कथेत कप्तानाची केबिन येणार नाही. डास, चिखल, ताडपत्री आणि सारखी बदलणारी जागा येईल.

तिसरा सोमालियाचा, आणि ‘कैद’ म्हणून कादंबरीकारांना सोयीचा हाच. इथे अख्खं जहाज पकडून किनाऱ्याजवळ नांगरतात आणि खलाशांना महिनोन्महिने जहाजावरच ठेवतात. २०११ हे या भागातलं शिखराचं वर्ष, २३७ हल्ल्यांचं. कथा इथे घडत असेल तर काही गोष्टी ताडून पाहता येतात.

ऋतू पाहा. चाच्यांच्या होड्या म्हणजे आठ-दहा मीटरच्या उघड्या स्किफ, मागे आउटबोर्ड इंजिन. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत, जून ते सप्टेंबर, अरबी समुद्र त्यांना उभं राहू देत नाही. जूनमध्ये आपल्या किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवतात तोच हा समुद्र. भर जुलैत स्किफमधून हल्ला दाखवला असेल तर कोकणातल्या कुठल्याही वाचकाला तो खटकायला हवा.

वेग आणि उंची पाहा. स्किफ साधारण २५ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पळते, लादलेलं तेलवाहू जहाज १२-१३ नॉटने चालतं. जहाजांसाठीच्या चाचेगिरीविरोधी मार्गदर्शिकेत १८ नॉट आणि त्याहून जास्त वेग सुरक्षित बाजूचा मानला गेला. चढायला लागते आकडे लावलेली शिडी, म्हणून पाण्यापासून डेक जितकी बुटकी तितका धोका जास्त. नायक एकटाच दोराला लोंबकळत प्रचंड कंटेनर जहाजावर चढला असेल तर टाळ्या वाजवा, पण अभिप्रायात ‘वास्तववादी’ हा शब्द वापरू नका. खोल समुद्रात स्किफ स्वतःच्या बळावर पोचत नाही. आधी पळवलेलं लाकडी गलबत किंवा मासेमारीचं जहाज ‘आईजहाज’ म्हणून मागे असतं. ते पुस्तकात कुठेच नसेल तर पेट्रोल कुठून आलं, हे लेखकाला विचारायला हरकत नाही.

सिटाडेल आहे का, हेही पाहा. म्हणजे खलाशांनी आतून बंद करून घ्यायची सुरक्षित खोली, बहुधा इंजिनाच्या किंवा सुकाणूच्या यंत्रणेजवळ, संपर्काचं साधन सोबत घेऊन. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’ जहाजावरचे २१ जण, त्यांत १५ भारतीय, असेच आत बसले आणि आपले मरीन कमांडो चढले तोवर चाचे निघून गेलेले होते. सगळे आत असतील तरच कमांडो बेधडक चढू शकतात. नायिका एकटीच बाहेर राहिली तर का राहिली, हा कथेचा कणा ठरू शकतो. चांगला लेखक तो वापरतो, आळशी लेखकाला सिटाडेल माहीतच नसते.

पैशाचा माग काढा. खऱ्या टोळीत ‘चाच्यांचा राजा’ जहाजावर राहत नाही, पैसा लावणारे जमिनीवर असतात. जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१३च्या अहवालानुसार २००५ ते २०१२ दरम्यान ३३९ ते ४१३ दशलक्ष डॉलर खंडणी उकळली गेली, आणि जहाजावर चढणाऱ्या साध्या गड्याच्या वाट्याला ३० ते ७५ हजार डॉलर येत. जो सगळ्यात आधी चढला त्याला जास्तीचा बोनस. ‘खात’ नावाचा नशेचा पाला (नाव वाचून हसू नका, तो चघळतात) उधारीवर मिळे आणि ती उधारी वाट्यातून कापली जाई. नायकाला सगळे सलाम करतात, हिशेब मात्र कोणी मागत नाही, अशी टोळी कागदीच. खंडणी रोख डॉलरमध्ये, बऱ्याचदा विमानातून पॅराशूटने टाकली जायची. जानेवारी २००९ मध्ये ‘सिरियस स्टार’ या तेलवाहू जहाजाच्या खंडणीनंतर परतताना होडी उलटून पाच चाचे बुडाले.

आणि पैसे दिले म्हणजे सुटका झाली, असंही नाही. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये पकडलं गेलं. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर आठ जणांना सोडलं आणि सात भारतीय खलाशांना मागे ठेवून घेतलं, भारताच्या तुरुंगातले आपले साथीदार सोडवण्यासाठी. ते सात जण ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. मराठी वाचकाच्या शेजारीपाजारी मर्चंट नेव्हीतलं कोणीतरी असतंच, त्यामुळे ‘कैदेचे सोनेरी दिवस’ असला मजकूर इथे वेगळ्या कानांनी वाचला जातो. अभिप्राय लिहिणाऱ्याने तो कान बंद करू नये.

कैद कशी असते

खऱ्या ओलीस जहाजावर एकांत नसतो. आठवडे सरतात तसं डिझेल संपत येतं, जनरेटर बंद, एसी बंद, पिण्याच्या पाण्याचं रेशनिंग. खलाशांना बहुधा ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) किंवा मेसमध्ये एकत्र ठेवतात आणि भोवती पाळीपाळीने बंदूकवाले. मग नायिकेला स्वतंत्र केबिन, गरम पाणी आणि मापाचे कपडे कुठून मिळाले? प्रेमकथेला एवढी सूट द्यायची का, हे तुम्ही ठरवा, पण सूट दिली तर दिली असं लिहा. अभिप्राय वाचणाऱ्याला तुमचा काटा कुठे ठेवलाय ते कळायला हवं.

ती जहाजावर होती तरी का, हाही प्रश्न आहे. २०२१च्या जागतिक मोजणीत व्यापारी जहाजांवरच्या मनुष्यबळात बायका जेमतेम १.२८ टक्के होत्या. म्हणून लेखक तिला शिडाच्या खासगी नौकेवर, संशोधन मोहिमेवर किंवा मदतकार्यात ठेवतात, आणि ते रास्त आहे. २००९ मध्ये सोमाली चाच्यांनी एका ब्रिटिश जोडप्याला त्यांच्या नौकेवरून उचललं, ते ३८८ दिवसांनी सुटलं. हा आकडा डोक्यात ठेवून ‘दहा दिवसांत प्रेम’ वाचून पाहा.

नायक गोरा, सुशिक्षित, डोळे निळे, आणि त्याच्या टोळीतले काळे चाचे बिननावाचे, बिनचेहऱ्याचे, फक्त वासनेने बघणारे, असा साचा दिसला तर तो नोंदवलाच पाहिजे. साधी मोजणी करा : टोळीतल्या किती जणांना नाव आहे, आणि किती जणांना घर? उलट टोकही असतं. परदेशी ट्रॉलरांनी मासे लुटले म्हणून बिचारे चाचे झाले, एवढ्यावर सगळं माफ. ट्रॉलरांची तक्रार खोटी नाही, पण तिने लाखो डॉलर लावणाऱ्या गुंतवणूकदारांचा खुलासा होत नाही.

या निमित्ताने एक आठवण. १७१२ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची नौका पकडली, तीत कारवारच्या वखारीच्या प्रमुखाची बायको कैद झाली. नवरा चकमकीत मारला गेला होता. फेब्रुवारी १७१३ मध्ये ती ३० हजार रुपयांवर सुटली. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी चाचे, आपल्याकडे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. चाचा कोण, हे वही कोणाची त्यावर ठरतं. पण कैद झालेल्या बाईची वही दोन्हीकडे नाही, आणि कैदेतल्या प्रेमकथेने निदान ती भरून काढावी, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

शेवटाचा कायदा

नायकाने खरोखर जहाज पळवलं असेल तर उपसंहारात तो समुद्रकिनाऱ्यावर हॉटेल कसा चालवतो? एकेकाळी हे शक्य होतं. पकडलेल्या चाच्यांवर खटला कुठे चालवायचा हे न ठरल्यामुळे नौदलं त्यांना सोडून देत. १९९९ मध्ये आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने ‘अलोंड्रा रेनबो’ हे पळवलेलं जहाज सोडवलं, चाच्यांना मुंबईत शिक्षाही झाली, पण २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. आता भारताचा समुद्री चाचेगिरीविरोधी कायदा, २०२२ आहे, त्यात जन्मठेप आणि जीव गेल्यास फाशीपर्यंतची तरतूद आहे. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ जहाजावर सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर शरण आलेले ३५ चाचे ‘आयएनएस कोलकाता’ने मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. माफीचा साक्षीदार, बनावट ओळख, तुरुंगवास भोगून बाहेर येणं, काहीही चालेल. लेखकाने काहीतरी केलेलं असावं.

दोन शब्द जपून वापरा

‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हा पहिला. १९७३ मध्ये स्टॉकहोममधल्या बँकेत दरोडेखोरांनी चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस डांबलं, त्यावरून हे नाव पडलं. मानसोपचाराच्या प्रमाण निदानयादीत तो स्वतंत्र आजार म्हणून नाही. अभिप्रायात हा शब्द आला की विचार थांबतो, वाचणाऱ्याला प्रसंग कळत नाही. शब्द खोडा आणि त्या जागी एक प्रसंग लिहा : ‘त्याने आदल्या रात्री तिच्या सहकाऱ्याला मारहाण केली, सकाळी पाण्याची बाटली दिली, आणि तिला त्याच्या हातांची काळजी वाटली.’ निष्कर्ष वाचणारा काढेल.

दुसरा शब्द ‘तू’. पुस्तक इंग्रजी असेल आणि तुम्ही संवाद मराठीत देत असाल, तर ‘यू’चं काय करणार? ‘तू इथून जाणार नाहीस’ आणि ‘तुम्ही इथून जाणार नाही’ ही दोन वेगळी माणसं बोलतात. पहिल्यापासून ‘तू’ वापरलंत तर मुळात नसलेली जवळीक तुम्हीच घातली. व्यवहाराचा नियम : दोघं अनोळखी असेपर्यंत तिच्या तोंडी ‘तुम्ही’ ठेवा, त्याच्या तोंडी प्रसंगाप्रमाणे, आणि ‘तू’ सुरू केला ती जागा तुमच्या टिपणाशी जुळते का बघा. मराठीतच लिहिलेली कथा असेल तर काम सोपं. ‘अहो’चा ‘अरे’ कधी झाला आणि कोणी केला, हे लेखकाने लिहूनच ठेवलेलं असतं.

लिहायला बसल्यावर

साडेतीनशे ते पाचशे शब्द पुरेत. गोष्ट ऐंशी शब्दांत आटपा आणि पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशापलीकडलं त्यात सांगू नका. पुढे समुद्र शंभर शब्दांत, कैद शंभर, प्रेम दीडशे. पुस्तकातली उद्धृतं दोन, प्रत्येकी फार तर दोन वाक्यांची. पुस्तक संपल्यावर एक रात्र जाऊ द्या, कारण शेवटच्या प्रकरणाची धुंदी किंवा चीड सकाळपर्यंत निम्मी होते आणि टिपणं मोठी दिसू लागतात.

सावधगिरीची सूचना सुरुवातीलाच, एका ओळीत, आणि नेमकी. ‘काही प्रसंग विचलित करू शकतात’ याचा उपयोग शून्य. बळजोरी प्रत्यक्ष पानावर घडते, घडल्याचा उल्लेख येतो, की फक्त धमकी आहे? करणारा नायक आहे की दुसरा कोणी? नायक असेल तर ते लपवू नका, तो रसभंग मानला जात नाही, त्यावर बऱ्याच जणींचा निर्णय अवलंबून असतो. शक्य असेल तर जागाही द्या : ‘साधारण ३० टक्क्यांवर, चार पानं.’ ती पानं ओलांडून पुढे जाता येतं. ‘नायक खरं तर हेर’ हा मात्र रसभंगच. तो सगळ्यात शेवटी, चार ओळी मोकळ्या सोडून, ‘पुढे रहस्यभेद आहे’ असं लिहून मग सांगा.

एक नमुना घेऊ. समजा, नायिका प्रवाळांचा अभ्यास करणारी, तिला संशोधन नौकेवरून पकडतात, टोळीचा म्होरक्या माजी नौसैनिक, कैद ४० दिवसांची. ‘नायिका कमकुवत वाटली, पण केमिस्ट्री छान’ असं लिहिण्याऐवजी :

‘हल्ल्याची पहिली साठ पानं पक्की आहेत, आईजहाजापासून शिडीच्या आकड्यांपर्यंत. त्यानंतर समुद्र गायब होतो. चाळीस दिवस जनरेटर कसा चालला, हे कोणी विचारत नाही. नायिका पान १२० पर्यंत चार वेळा नकार देते आणि तो चारही वेळा मागे हटतो, त्यामुळे पुढचं प्रेम मला पटायला लागलं होतं. पण खंडणीतला वाटा तो शेवटच्या प्रकरणापर्यंत सोडत नाही, आणि सुटकेनंतर अकराव्या दिवशी ती त्याच्या दारात उभी असते. तिच्या दोन सहकाऱ्यांचं काय झालं, हे ती त्याला एकदाही विचारत नाही. तो माणूस मला आवडला. अकरा दिवस मात्र पटले नाहीत.’

यात कुठेही ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ नाही, तरी घेणाऱ्याला आपलं आपण ठरवता येतं. ज्याला अकरा दिवस चालतात तो पुस्तक घेईल.

तारे द्यायचे असतील तर तीन वेगळे गुण लिहा, समुद्र, कैद, प्रेम, आणि मग एकच आकडा द्यावा लागला तर प्रेमाचा गुण दुप्पट धरून सरासरी काढा. वरच्या नमुन्यात समुद्र ३, कैद ४, प्रेम ३ असेल तर (३+४+३+३) भागिले ४, म्हणजे सव्वातीन. अर्धे-पाव तारे चालत नसतील तिथे तीन द्या आणि सव्वातीन मजकुरात सांगा.

पुस्तक अर्धवट टाकलंत तरी अभिप्राय लिहिता येतो. कुठे सोडलं ते मात्र पहिल्याच ओळीत हवं, कोणत्या प्रसंगामुळे ते दुसऱ्या ओळीत, आणि तारा देऊ नका. दार उघडं राहण्याची जागा तुमच्या सोडलेल्या पानाच्या पुढे असू शकते.